नळीखालचा दिवा

सतीशनं पिस्तुलासाठी मागवलेला पहिला दिवा दिसायला झकास होता. काळाभोर, मुठीत मावेल एवढा, आणि खोक्यावर ठळक आकडा: २,००० ल्युमेन. किंमत नावाजलेल्या दिव्यांच्या पाव हिश्शाहूनही कमी. सतीशला सौदा पटला.

ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी नावाचं उपनगर आहे, तिथं त्याचं घर. एकसारख्या विटांची, एकसारख्या गॅरेजांची शंभरेक घरं, त्यातलं एक. २०२४ च्या सुरुवातीला त्याच गल्लीत दोन घरं फुटली. त्यानंतर त्यानं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल घेतलं, वापरण्याचं रीतसर शिक्षण घेतलं आणि पलंगाशेजारी बोटाच्या ठशानं उघडणारी छोटी तिजोरी बसवली. शिकवणाऱ्यानं पहिल्याच तासाला बजावलं होतं, की अंधारात समोर कोण आहे हे कळत नसेल तर हातात पिस्तूल असण्यापेक्षा नसलेलं बरं. म्हणून दिवा घ्यायचा ठरला.

रेंजवर तिसरं मॅगझिन चालू असताना दिवा फडफडायला लागला. चौथ्याला स्क्रू सैल होऊन तो नळीखाली पुढं सरकला. सतीशनं तो काढून खिशात टाकला आणि घरी येऊन जेवणाच्या टेबलावर ठेवला. टेबलापाशी त्याचे वडील, आबा, बसले होते.

आबा मे महिन्यात साताऱ्याहून आले होते. अपशिंग्याच्या पंचक्रोशीतलं गाव, घरटी एक माणूस फौजेत. आबाही गेले, पण लढणाऱ्या पलटणीत नाही. ईएमई म्हणजे फौजेच्या यंत्रदुरुस्तीच्या शाखेत ते आर्मरर होते. आधी ७.६२ ची एसएलआर, पुढं इन्सास, आणि अधूनमधून अधिकाऱ्यांची पिस्तुलं. बावीस वर्षं दुसऱ्यांची हत्यारं त्यांच्या हाताखालून गेली. हवालदार होऊन निवृत्त झाले ते शेतीला लागले.

तरीही मुलाच्या घरातल्या पिस्तुलाला त्यांनी बोट लावलं नव्हतं. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्यानं बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, ते आबांना लागू नव्हते. सतीशनं हे पहिल्याच दिवशी सांगितलं. आबांनी मान डोलावली. “कायदा हाय म्हणल्यावर हाय,” एवढंच म्हणाले. त्यानंतर सतीश पिस्तूल साफ करायला बसला की आबा खुर्ची टेबलापासून दोन हात मागं घेऊन, हात पाठीशी बांधून बघत.

दिवा मात्र हत्यार नव्हता. तो त्यांनी उचलला, कानाशी धरून हलवला. आत काहीतरी खुळखुळलं.

“चष्म्याचा पेचकस आन.”

पाच मिनिटांत दिव्याची हाडं टेबलावर मांडली गेली. आबांनी बॅटरीची स्प्रिंग नखानं दाबली. एकच, बारीक तारेची, एका बाजूला कललेली. बॅटरीच्या घरात कागदाची घडी सहज जाईल एवढा खेळ. स्क्रूचे आटे मऊ धातूचे, एकदाच आवळले तरी चेपलेले. पाणी अडवणारी रबरी कडी खाचेतून बाहेर येऊन एका जागी चिरडलेली.

“गोळी सुटली की स्लाइड मागं आपटती,” आबा म्हणाले. “त्या धक्क्यानं दिवा हलतो, पर बॅटरी जड, ती जागच्या जागी ऱ्हाती. स्प्रिंग दबती, टेकलेलं सुटतं, दिवा इझतो. पुन्यांदा टेकतं, पेटतो. फडफड म्हंजी तीच. हितं दोन हजार लिवलंय, पर ज्या येळंला लागंल त्या येळंला शून्य.”

सतीशची बायको मेघना भाजी चिरत होती. तिनं विचारलं, “मग चांगला कसा ओळखायचा, आबा?”

“दुकानात जाऊन हातात घिऊन. फोटोत खेळ दिसत न्हाई.”

दुकान हमरस्त्याला लागून होतं. दुकानदार पूर्वी शेरीफच्या खात्यात नोकरीला होता; पांढरी दाढी, बोलणं सावकाश. आबांची अडचण ऐकल्यावर त्यानं काउंटरखालून निळ्या प्लास्टिकचं नकली पिस्तूल काढलं. ही निळी पिस्तुलं म्यानाचं माप घ्यायला आणि शिकवायला वापरतात. आत यंत्र काही नसतं, पण बाहेरचं माप आणि नळीखालची खाचांची पट्टी खऱ्यासारखी. इतक्या दिवसांनी आबांनी पाठीमागचे हात पुढं घेतले.

त्या पट्टीविषयी थोडं सांगायला हवं, कारण निम्मे दिवे तिथंच फसतात. अमेरिकी फौजेनं १९९५ मध्ये या पट्टीचं माप ठरवून दिलं. न्यू जर्सीतल्या पिकाटिनी शस्त्रागाराचं नाव तिला पडलं. खाच ५.२३ मिलिमीटर रुंद, आणि एका खाचेपासून दुसरीपर्यंतचं अंतर १०.०१ मिलिमीटर. रायफलींवर हे माप सहसा चुकत नाही. पिस्तुलांचे कारखानदार मात्र आपापली थोडी वेगळी पट्टी काढतात. म्हणून चांगल्या दिव्याच्या खोक्यात दोन-चार वेगवेगळ्या चाव्या येतात. चावी म्हणजे दिव्याच्या पाठीवरचा आडवा उंचवटा, तो खाचेत बसतो आणि गोळीचा सगळा धक्का सोसतो. धक्का स्क्रूनं सोसायचा नसतो, स्क्रूनं नुसतं धरून ठेवायचं. चुकीची चावी लावली तर सगळा भार स्क्रूवर येतो आणि उत्तम दिवासुद्धा महिन्याभरात खुळखुळा होतो.

आबांनी दोन्ही डोळे मिटले आणि निळ्या पिस्तुलावरचा दिवा अंगठ्यानं पुढंमागं ढकलून पाहिला. मग चावी बदलायला लावून पुन्हा. तिसऱ्या चावीला त्यांचा अंगठा थांबला.

आता कोणता दिवा, हा प्रश्न. दुकानदारानं दोन मांडले. एक मोठा, १,००० ल्युमेनचा, दोन बॅटऱ्यांचा. शुअरफायर कंपनीचा एक्स-३०० हा या जातीतला प्रसिद्ध, वजन सव्वाशे ग्रॅमच्या आत. दुसरा छोटा, स्ट्रीमलाइटच्या टीएलआर-७ च्या घराण्यातला, ५०० ल्युमेन, एकच बॅटरी, वजन सत्तर ग्रॅमच्या आसपास, पिस्तुलाच्या नळीपुढं जवळजवळ न येणारा. सतीशचा हात मोठ्याकडं गेला.

“आपलं घर केवढं?” आबांनी विचारलं.

“म्हणजे?”

“दिवानखान्याच्या एका भिंतीपासून दुसरी.”

“आठ-नऊ मीटर असेल.”

आबांनी खोका फिरवून मागची बारीक अक्षरं दुकानदाराकडून समजून घेतली. टॉर्च कशी मोजायची याचं एफएल-१ नावाचं मानक अमेरिकेत २००९ मध्ये आलं. ते पाळायची सक्ती नाही, पण ज्याला लाज आहे तो कारखानदार पाळतो. त्यात ल्युमेन दिवा लावल्यावर अर्ध्या मिनिटानंतर मोजतात, पहिल्या क्षणाचा भपका मोजत नाहीत. दीड तास चालतो असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ दीड तासानं उजेड एक दशांशावर येतो. आणि झोताची लांबी म्हणजे जिथं पौर्णिमेच्या चांदण्याएवढाच उजेड उरतो तिथवरचं अंतर. झोत किती टोकदार ते कँडेलात लिहितात. कँडेलाच्या आकड्याचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की ती लांबी मीटरमध्ये मिळते. दहा हजार कँडेला म्हणजे दोनशे मीटर.

“शेताला पाणी देतावेळी पाइपाचं तोंड अंगठ्यानं दाबलं की तेच पानी लांब उडतं,” आबा मुलाला म्हणाले. “पानी तेवढंच. ल्युमेन म्हंजी पानी, कँडेला म्हंजी अंगठा. तुला नऊ मीटरच्या घरात लांब कुटं उडवायचंय?”

दुकानदाराला हे भाषांतर करून सांगितल्यावर त्यानं दोघांना मागच्या बिनखिडकीच्या गोदामात नेलं. दार लावलं, दिवे बंद केले, आणि स्वतः आठ पावलांवर पांढऱ्या भिंतीपाशी उभा राहिला. “माझ्या हातात काय आहे ते सांगा.”

सतीशनं निळ्या पिस्तुलावरचा मोठा दिवा लावला. पांढऱ्या भिंतीवरून झोत उलटून त्याच्याच डोळ्यांत आला. मधोमध दाढी दिसली, छाती दिसली, पण कमरेखालचे हात काळोखात. त्यानं झोत खाली नेला तेव्हा कुठं कळलं: डाव्या हातात किल्ल्या. मग छोटा दिवा. झोत बोथट, कडेला पसरलेला. चेहरा, दोन्ही हात, बाजूची खोकी, सगळं एकदम दिसलं. पोलिसाला रस्त्यावर, गाडीच्या काचेपलीकडचं बघायला मोठाच दिवा हवा, दुकानदार म्हणाला, आणि ते खरं आहे. मोठा दिवा वाईट नव्हता. त्या घरासाठी नव्हता, इतकंच.

तेवढ्यात आबांनी जो प्रश्न विचारला त्यासाठी ही गोष्ट मी लिहायला घेतली.

“ह्यो दिवा नळीखाली बसतो. म्हंजी उजेड जिथं पडंल, तिथं नळी बी बघती. व्हय ना? मग मगाशी ह्या दाढीवाल्या सायबाच्या हातात किल्ल्या हायत हे बघायला तू त्याच्या पोटावर पिस्तूल धरलंस.”

गोदामात कुणी बोललं नाही. सतीशनं निळं प्लास्टिक खाली केलं. दुकानदारानं विचारलं, वडील काय म्हणाले? सांगितल्यावर तो बराच वेळ मान हलवत राहिला. मग म्हणाला, की हे मी गिऱ्हाइकांना सांगतो तेव्हा त्यांना वाटतं मी दुसरा दिवा खपवायला बघतोय.

त्यानं २०१० मधली गोष्ट सांगितली. याच टेक्ससमधलं प्लेनो शहर. एका पोलिसाच्या पिस्तुलाखाली असाच दिवा होता आणि त्याची कळ मुठीवर, चापाच्या खालच्या बाजूला. दिवा लावायचा होता, चाप दाबला गेला, असं त्यानं नंतर सांगितलं. समोरचा माणूस गेला. “कळ कुठंही असो,” दुकानदार म्हणाला, “घाबरलेला हात अख्खाच आवळतो. म्हणून कळ अशी हवी, की चापाचं बोट सरळ बाहेर ठेवून दुसऱ्याच बोटानं लागावी. आणि शोधायला कधीही हा दिवा नाही. शोधायला हातातला. हा तेव्हा, जेव्हा समोर कोण आहे ते आधीच कळलंय आणि तरीही पिस्तूल उचलावंच लागलं.” जेफ कूपर या अमेरिकी शिक्षकानं घालून दिलेले चार नियम जगभर शिकवले जातात. ज्याचा नाश करायचा नाही त्यावर नळी नेऊ नये हा त्यातलाच एक, आणि लक्ष्य काय आहे याची खात्री करून घ्यावी हा दुसरा. नळीखालच्या दिव्यानं शोधणारा माणूस दुसरा पाळायला जातो आणि पहिला मोडतो.

म्हणून घरी दोन दिवे आले: छोटा नळीखालचा आणि एक हातातली टॉर्च. टॉर्च निवडताना आबांनी एकच हट्ट धरला, बॅटरी दोन्हींना एकाच जातीची हवी. सीआर-१२३ए, तीन व्होल्टची लिथियम. तिच्यावर कंपन्या दहा वर्षं टिकण्याची मुदत छापतात, थंडीत ती ढेपाळत नाही, आणि घरातल्या साध्या अल्कलाइन सेलसारखी पडून पडून फुटत नाही. दोन बॅटऱ्यांच्या दिव्यात एक नवी आणि एक जुनी घालू नये हे दुकानदारानं आपणहून सांगितलं. नवीचा जोर जुनीवर पडतो आणि ती तापून धूर सोडू शकते. एका बॅटरीच्या दिव्याला ती भानगडच नाही. सहा बॅटऱ्यांचं पाकीट घेतलं. फौजेत ज्यानं रसद सांभाळली आहे त्याला सुट्या मालाच्या दोन जाती आवडत नाहीत.

दिवा बसवला सतीशनं, आबा दोन हात लांब खुर्चीवर.

“पिस्तूल रिकामं?”

“रिकामं.”

“दाव.”

सतीशनं स्लाइड मागं अडकवून नळीचं रिकामं घर दाखवलं. आबांनी ते पाहिलं, आणि तरी पुन्हा एकदा बघायला लावलं. मग चावी, मग पट्टी, मग स्क्रू. बोटानं आवळ, मग पेचकसानं पाव फेरा, त्याच्या पुढं नाही. जोर केला तर आटे जातात. सतीश थांबल्यावर आबांनी मेघनाला हाक मारली आणि तिची लाल नेलपॉलिश मागून घेतली. स्क्रूच्या डोक्यावरून दिव्याच्या अंगावर जाईल अशी एक बारीक रेघ सतीशकडून ओढून घेतली. स्क्रू केसभर जरी फिरला तरी रेघ तुटणार आणि बघणाऱ्याच्या डोळ्याला लगेच कळणार. बाजारात यासाठी खास रंगाच्या पेनी मिळतात. नेलपॉलिशही तेच काम करते.

पुढच्या दोन शनिवारी रेंजवर दोनशे गोळ्या झाल्या. आबा काचेमागून बघत होते, कानांवर मफ. पिस्तूल एकदाही अडकलं नाही. रेघ जशीच्या तशी. दिव्याच्या काचेवर मात्र धुराची काळी साय धरली आणि उजेड निम्मा वाटू लागला. शिकवणाऱ्यानं त्यावर साधा उपाय सांगितला: झाडायच्या आधी काचेवर ओठांना लावायच्या मेणाचा पातळ हात फिरवायचा, मग काजळी मेणावर बसते आणि फडक्याच्या एका फटकाऱ्यात निघते. घरी आल्यावर आबांनी काच पुसायला कापडाची बरोबर चार बोटं रुंद चिंधी फाडून दिली. नळी पुसायच्या फौजी चिंध्यांची सवय; दुसऱ्या मापाची त्यांना फाडताच आली नसती.

सतीशला वाटलं, झालं. आबांना तसं वाटत नव्हतं. रात्री साडेदहाला, सतीशची लेक ओवी झोपल्यावर, ते त्याला घरभर चालायला लावत. पिस्तूल तिजोरीत कुलपात, हातात फक्त टॉर्च. पलंगापासून दारापर्यंत, दारापासून जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत. टॉर्च माणसावर नाही, छताकडं. छत पांढरं आहे, एका क्षणात सगळा दिवाणखाना उजळतो आणि कुणाच्या डोळ्यांत जात नाही. आणि टॉर्च लावायच्या आधी मोजणी.

“पिस्तुलाशिवाय काय सराव हा?” सतीश एकदा कंटाळून म्हणाला.

“कोतात हत्यार असं हातात मिळत न्हाई,” आबा म्हणाले. फौजेत शस्त्रं ठेवायच्या खोलीला कोत म्हणतात. “आधी वही. नंबर, नाव, कशापायी पायजे, सही. कर्नल आला तरी सही. युद्धाच्या काळात बी सही. त्या सहीला येळ किती लागतो? चार-पाच सेकंद. पर त्या चार-पाच सेकंदात माणूस इचार करतो. तुझ्या तिजोरीला वही न्हाई, बोट लावलं की उघडती. मग तुझी वही म्हंजी घरातली माणसं. सून कुटं, नात कुटं, बाप कुटं. तोंडानं मोजायची, मोठ्यानं. मोजून झाल्याबगर दिवा न्हाई आन् पिस्तूल बी न्हाई.”

८ जुलैला पहाटे बेरिल चक्रीवादळ मॅटागोर्डापाशी टेक्ससच्या किनाऱ्यावर चढलं आणि सकाळपर्यंत ह्यूस्टनवर आलं. झाडं तारांवर पडली. एकट्या सेंटरपॉइंट या वीज कंपनीचे २२ लाखांहून जास्त ग्राहक अंधारात गेले. त्यातल्या कितीतरी घरांत कित्येक दिवस वीज नव्हती, आणि ते जुलैचं ह्यूस्टन होतं. घरं भट्टीसारखी तापली. सतीशच्या गल्लीत चार-पाच जणांकडं जनरेटर होते. त्यांची घरघर रात्रभर चालायची. रस्त्यावरचे दिवे बंद, घरं काळी, आणि सगळी एका साच्यातली.

गॅरेजचं दार विजेवर उघडायचं. गाडी काढायला सतीशनं छताला लोंबणारी लाल दोरी ओढून ते यंत्रापासून सोडवलं आणि हातानं वर केलं. संध्याकाळी हातानंच खाली ओढलं. दोरी एकदा ओढली की दाराला कुलूप असं काही उरत नाही, बाहेरून कुणीही उचलावं. हे त्याच्या लक्षात आलं नाही, इतरही कितीकांच्या आलं नसेल.

तिसऱ्या रात्री दीडच्या सुमारास खाली खुर्ची फरशीवर सरकल्याचा आवाज आला.

मेघना आधीच उठून बसली होती. बॅटरीच्या एकाच पंख्यापुढं ओवी तिच्या कुशीत झोपलेली. सतीशनं तिजोरीला बोट लावलं. पिस्तूल उजव्या हातात, तोंड जमिनीकडं, बोट चापाबाहेर सरळ. टॉर्च डाव्या हातात. त्याच्या अंगठ्याला नळीखालच्या दिव्याची कळ लागत होती. इतकी माणसं, इतक्या चाव्या, इतक्या गोळ्या खर्चून निवडलेला दिवा. नुसता टेकवला की लागला असता.

“मेघना, ओवी, इथं,” तो मोठ्यानं म्हणाला. मेघनानं ९११ ला फोन लावला होता, रेंज येत-जात होती. तिनं दार आतून लोटून घेतलं. सतीश जिन्याच्या वरच्या पायरीवर आला.

“आबा!”

खालच्या खोलीतून, बंद दारामागून आवाज आला, “खोलीत हाय. दार लावलंय. भाईर मी न्हाई.”

मोजणी झाली. खाली जे कोणी होतं ते घरातलं नव्हतं. सतीशच्या कानशिलात ठोके पडू लागले. आता खाली परकाच माणूस आहे हे नक्की झालं, आणि अशा वेळी हात आपोआप वर येतो. त्यानं इंग्रजीत विचारलं, कोण आहे. उत्तर नाही. त्यानं डावा हात वर केला आणि टॉर्च छतावर लावली.

दिवाणखाना उजळला. जेवणाच्या टेबलापाशी एक म्हातारा माणूस उभा होता, पांढरा गंजीफ्रॉक, अनवाणी. उजव्या हातात वीतभराहून लांब काळी वस्तू. उजेड झाल्याबरोबर त्यानं तो हात वर केला, थेट जिन्याच्या दिशेनं.

ज्याच्या हाती केवळ नळीखालचा दिवा असता त्याला ती काळी वस्तू काय आहे हे बघायला त्या म्हाताऱ्याच्या छातीवर नळी धरावी लागली असती, आणि छातीवर नळी धरलेल्या माणसाला समोरचा हात वर उचललेला दिसला की पुढचं ठरवायला वेळ राहत नाही. सतीशची नळी त्याच्या स्वतःच्या पायाशेजारच्या गालिच्याकडं होती. डावा हात मोकळा होता. त्यानं टॉर्चचा झोत छतावरून उतरवत त्या वर उचललेल्या मुठीवर आणला. काळ्या नळकांड्याच्या टोकाला काच चमकली.

टॉर्च होती. न लागणारी. म्हातारा ती डोळ्यांपुढं आडवी धरून उजेड अडवत होता.

मग सतीशनं त्याला ओळखलं. चार घरं सोडून राहणारे व्हिएतनामी आजोबा. त्यांची सून मेघनाला गवती चहा आणून द्यायची. वर्षभरात त्यांची आठवण खचत चालली होती हे गल्लीला ठाऊक होतं. काळ्या रस्त्यात, एकसारख्या घरांच्या रांगेत त्यांनी एक गॅरेज उचललं होतं आणि स्वतःच्या घरी आले होते. ते कुणाचं तरी नाव घेऊन हाक मारत होते.

सतीश लगेच खाली गेला नाही. आधी खोलीत परत गेला, पिस्तूल तिजोरीत ठेवलं, झाकण लागल्याचा आवाज ऐकला. मेघनानं फोनवर सांगितलं की शेजारी आहेत, चुकून आले आहेत, दुखापत कुणाला नाही. तोवर आबा बाहेर आले होते आणि त्यांनी म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून पाणी दिलं होतं. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती. आबा साताऱ्याच्या मराठीत बोलत होते, ते व्हिएतनामीत उत्तर देत होते, आणि पाण्याचा पेला रिकामा झाला.

त्यांना पोचवायला सतीश निघाला तेव्हा त्यांचा मुलगा रस्त्यात फोनच्या उजेडात घरोघरची कुंपणं धुंडाळत होता. तो सतीशच्या गळ्यात पडून रडला. सतीशला त्याच्या डोळ्यांकडं बघवलं नाही. काय होता होता राहिलं ते त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं, आणि सतीशनं ते त्याला सांगितलं नाही.

परतल्यावर तो आबांपाशी बसला. हात अजून थरथरत होते.

“नळीखालचा दिवा लावलाच नाही मी, आबा.”

“रेघ बघितलीस का त्याची?”

“नाही.”

“सकाळच्याला बघ. जागच्या जागी असली पायजे. ज्या दिशी लागंल त्या दिशी ह्यो दिवा बी लागलाच पायजे, म्हणून तर एवढा शोधला.”

म्हाताऱ्यांची टॉर्च टेबलावरच राहून गेली होती. आबांनी ती उघडली. आत दोन जाड अल्कलाइन सेल फुटून पांढरी पूड धरलेली, एक सेल नळीला चिकटून बसलेला. मेघनानं हातमोजे आणि लिंबू दिलं. हा क्षार अंगाला लागला की जळजळतो, लिंबाच्या आंबटानं तो मरतो. पहाटेपर्यंत आबा चिंधीनं आतली स्प्रिंग घासत बसले, आणि धातू चमकायला लागल्यावर चिंधी बाजूला ठेवली.

सकाळी सतीश हार्डवेअरच्या दुकानात रांगेत उभा राहून गॅरेजच्या दाराला आतून लावायच्या सरकत्या कड्या घेऊन आला. ड्रिलची बॅटरी संपलेली, म्हणून भोकं हातानं पाडावी लागली. एक कडी बसवून झाली तसा तो दुसरी उचलायला गेला, तर आबांनी ती आधीच पिशवीत घातली होती, वर नवे सेल घातलेली टॉर्च.

“ही त्यांच्या गॅरेजला,” ते चप्पल घालत म्हणाले. “आन् पुढल्या दाराला एक घंटी बांधू या. म्हातारा राती भाईर पडला की घरच्यास्नी कळाय पायजे. तुझ्याकडं बारीक खिळं हायत का बघ.”